बाबांची पकड

१९ फेब्रुवारी

लाडक्या ताईस,

तुझं रागावलेलं पत्र पोचलं. सर्दी सोडली तर मी खुशाल आहे. मी फोन उचलत नाही म्हणून तू पत्र लिहिलंस, आणि मीही पत्रच लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस. तू घरी सगळं एकटी निभावतेस आणि तुझी उंदीरवाली इकडे उंदीर सांभाळत बसलीय, हा टोमणा मान्य.

तू विचारलंस, मी येऊन गेल्यापासून बाबा रबरी चेंडू का दाबत नाहीत. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनाही परत पाठवतात म्हणे. वयाचं असेल, असं मी आधी लिहिलं होतं. मग तो कागद फाडला.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते तुला ठाऊक आहे. अतिदक्षता विभागातून माणसं जगून बाहेर येतात, आता बाबा आले तशी, पण हातापायांतलं बळ तिथेच राहतं. असं का होतं ते शोधायला आम्ही उंदरांना आजारी पाडतो, गुंगीत ठेवतो, यंत्रावर श्वास देतो. शुद्धीवर आले की त्यांना पुढच्या पंजांनी जाळी धरू देतो आणि शेपटी धरून सावकाश मागे ओढतो. जाळी सुटते तेव्हा काट्यावर ताकद कळते. हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा बाबा स्वतःच उंदीर झाले होते, आठवतं? टेबलाची कड धरून बसले आणि आपण दोघींनी ओढूनही हलले नाहीत.

गेल्या वेळी तू औषधं आणायला गेलीस तेव्हा बाबांनी माझी दोन बोटं धरली. ताई, मी ती ओढली. मुद्दाम नाही गं, हाताला सवयच लागलीय. सावकाश, सरळ मागे, शिकवलंय तशी. त्यांची पकड सुटली. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती भरलं?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले ती थेट बस गाठली.

तेव्हापासून दाराची कडी धरली तरी ती पकड सुटताना जाणवते. कामावर यंत्राचा श्वास ऐकू आला की वाटतं, आत बाबाच आहेत. मला भीती वाटते.

तुला वाटतं, गेलेली ताकद परत येते का हे मला माहीत असेल. नाही माहीत. मोजून झालं की स्नायू तपासायला आम्ही उंदरांना मारतो. पुढे काय होतं ते बघायला एकही मागे ठेवत नाही. बाबांना मात्र वाटत असणार, ताकद परत येणार नाही हे हिला कळलंय आणि म्हणूनच ही पळाली.

रविवारी येतेय. काही मोजणार नाही, नुसती शेजारी बसेन. तोवर त्यांना एवढं विचार, मी हात पुढे केला तर धरतील का?

उत्तर नाही आलं तरी निघणारी,
तुझी उंदीरवाली