राजाक्काला वास येतो

७ सप्टेंबर, रविवार

सहाव्या टाकीला काय शिंगं असतात? तेजस्वीला विचारलं तर म्हणते, ‘शिंगं नाहीत आई, कायदा आहे.’ पोरगी बेळगावात कारखान्यात सेफ्टीच्या खात्यात लागली तेव्हापासनं दर रविवारी निपाणीला येते ती आईला भेटायला नाही, तपासायला. आज पण तेच. आधी भाकरीच्या शेडमध्ये, मग घरात.

गॅसच्या टाक्यांची खोली उघडली आणि झाली सुरू. कामाच्या जागी शंभर किलोपर्यंत गॅस ठेवला तर चालतो — म्हणजे आपल्या ह्या मोठ्या पाच टाक्या. त्याच्यावर गेलं की लायसन लागतं. टाकी आडवी ठेवायची नाही. रिकामीला रिकामी समजायचं नाही. खोलीत दिवा नको, स्विच नको. भिंतीला खाली ज्या जाळ्या आहेत त्यात मी बारदान कोंबलंय, ते बघून तर कपाळालाच हात लावला तिनं. ‘हा गॅस वर जात नाही गं. पाण्यागत खाली बसतो. त्याला बाहेर जायला वाट नको?’ त्या वाटेनं घुशी येतात आणि माझ्या जोंधळ्याची पोती फोडतात, त्याचं काय? बारदान काढून टाकलं तिनं. ती बसमध्ये बसली आणि मी परत कोंबलं.

वर म्हणते, गॅस सुटला की ओरडणारं यंत्र लाव. माझं नाक आहे की! वखारीत जन्म गेला माझा. मालक तंबाखूच्या पानाची गड्डी हातात द्यायचे — ‘मंगल, वास घे आणि सांग.’ मी सांगेन तशी मालाची प्रत ठरायची. आता रोज सकाळी मी टाक्यांच्या खोलीत जाते, वास घेते, दारात येऊन ‘पेटवा’ म्हणते. मगच बायका शेगड्या पेटवतात. भाकरीचं काम काढलं त्या दिवसापासनंची पद्धत आहे ही.

९ सप्टेंबर, मंगळवार

दसरा-दिवाळीची ऑर्डर आली. कोल्हापूर आणि संकेश्वर, दोन्हीकडनं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. एवढी कधीच नव्हती. पाच टाक्यांत भागणार नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

गॅसवाला नागेंद्र सहावी टाकी टाकून गेला. गाडीवरनं उतरवतानाच कुरकुर — ‘आक्का, पाचच्या वर बेड, नको म्हणजे नको. कोणी विचारलं तर माझं नाव घ्यायचं नाही.’ नाही घेत बाबा.

खोलीच्या कोपऱ्यात आडवी घातली. टोपण नीट बसत नव्हतं, राहू दे म्हटलं. वर गोधडी टाकली, पुढं रिकामी पोती रचली. राजाक्का, माझी वखारीपासनंची सोबतीण, बघत होती. म्हणाली, ‘झोपवलीस व्हय तिला?’ बायका हसल्या. मी पण हसले.

१४ सप्टेंबर, रविवार

तेजस्वी आली. खोलीत डोकावली, पाच मोजल्या, खूश झाली. ‘शहाणी आहे माझी आई,’ म्हणाली. पोटच्या पोरीपासनं टाकी लपवायची वेळ यावी माझ्यावर. जेवताना तिच्याकडं बघवेना.

दुपारी दूध करपलं. ती माडीवरनं पळत खाली आली, आणि मी तिथंच दोन हातांच्या अंतरावर भांडी घासत बसलेली. ‘आई, लक्ष कुठाय तुझं?’ लक्ष कुठं असणार. ऑर्डरीत.

तपकिरीवरनं पण बोलली. किती ओढतेस म्हणे. ते एक सुटत नाही. चिमूटभर नाकात गेल्याशिवाय डोकं चालत नाही माझं.

१७ सप्टेंबर, बुधवार

संकेश्वरच्या दुकानदारानं चटणीचा डबा परत पाठवला. ‘खवट वास मारतोय.’ माझ्या हातची चटणी खवट? डबा उघडून बघितला. काही झालेलं नाही. वास सोड, रंगसुद्धा बदललेला नाही. माणसाला घ्यायचं नसलं की अशी खुसपटं निघतात. शेडमधल्या मालुबाईला हुंगायला दिला तर ती माझ्या तोंडाकडं बघत बसली. ‘तू म्हणशील तसं, आक्का.’

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जाळ्यांतलं बारदान परत बाहेर पडलेलं. चौथ्यांदा की पाचव्यांदा. घुशीच ओढत असणार.

राजाक्का म्हणते, टाक्यांच्या खोलीतनं वास येतोय. मी गेले. कोपऱ्यात वाकून बघितलं, गोधडी उचलून बघितलं. काही नाही. ‘तुझ्या शेगडीचा असंल,’ म्हटलं. ती पदर नाकाला लावून बसली. तिची शेगडी खोलीच्या दाराजवळ. उकडतं तिथं. मालुबाईची खिडकीखाली आहे, तिच्यावर हिचा डोळा कधीपासनं. मला काय कळत नाही होय.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आणि आजच्या दिवशी भांडण.

मी खोलीतनं बाहेर येऊन ‘पेटवा’ म्हटलं. सगळ्यांनी काड्या उचलल्या. राजाक्का उठून उभी राहिली. ‘कुणी पेटवू नका गं. वास येतोय.’ माझा शब्द झाल्यावर! सगळ्या बायकांच्या देखत! मी परत आत गेले, सगळ्या टाक्यांवरनं नाक फिरवलं. नाही म्हणजे नाही. तोपर्यंत हिनं दारं-खिडक्या सताड उघडलेल्या. पीठ उडालं, ओल्या भाकरीवरची फडकी उडाली, तासभर काम बंद.

मग माझं तोंड सुटलं. खिडकीखालची जागा पाहिजे तर सरळ माग, ही नाटकं कशाला, म्हटलं. वखारीत तुला साधी ओली-सुकी तंबाखू कळत नव्हती आणि मला वास शिकवतेस. ती तशीच उभी. ‘मंगल, तुला खरंच न्हाय येत?’ एवढंच विचारलं. त्यानं तर मी आणखीच भडकले. उद्यापासनं येऊ नकोस म्हटलं.

तिनं हात धुतले, पायात चपला घातल्या आणि गेली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तिची शेगडी थंड.  भाकरी थापल्याचा तेवढा आवाज.

२५ सप्टेंबर, गुरुवार

शेडमध्ये एकच शेगडी होती तेव्हा पहिली भाकरी राजाक्कानं भाजली होती. हे गेले त्या वर्षी. माझे हात चालत नव्हते. ती यायची, परात पुढं ओढायची. दिवसभर तेच आठवतंय.

पण मी काय चुकीचं बोलले? नाटक ते नाटक.

बारदान आज पण बाहेर. राजाक्का नाही तरी. म्हणजे घुशीच.

२८ सप्टेंबर, रविवार

तेजस्वीला ड्युटी, आली नाही. फोनवर विचारते, ‘राजामावशी कशा आहेत?’ बऱ्या आहेत म्हटलं. आता पोरीशी बोलताना दोन गोष्टी सांभाळायच्या, टाकी आणि राजाक्का. जिवाला स्वस्थता नाही. दोनदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. घरात जाऊन बोलणार काय?

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. 

सकाळी बायका नटूनथटून आल्या. शेगड्या घासल्या, पराती घासल्या, हळदकुंकू लावलं. आमच्यात जिची शेगडी तिनंच पुजायची. राजाक्काची तेवढी तशीच राहिली होती. मीच पुजावी म्हणून वाकले, तर दारात ती. हातात झेंडूची माळ. ‘माझी शेगडी हाय ती. कामावर न्हाय आली, पुजायला आलीया.’ मी बाजूला झाले. 

टाक्यांची पूजा शेवटी असते. दर वर्षी खोलीत, टाक्यांच्या पुढ्यात जमिनीवर निरांजन ठेवते मी. अंगणात तुळशीपुढं निरांजन लावलं, तबक घेऊन आत निघाले. राजाक्का वाटेत आडवी. ‘आत दिवा न्यायचा न्हाय.’ सरक म्हटलं. सरकली नाही. तिनं तळवा सरळ ज्योतीवर दाबला. विझवली! सणाच्या दिवशी, देवापुढची!

मी हात उगारला. होय, उगारला. मालुबाईनं मनगट धरलं माझं. ‘आक्का, वास आमालाबी येतोय. लई दिस झालं. रोज येतोय.’

‘मग बोलला का नाही?’

‘राजाक्काला घालवलंस की.’

मग एकेक बाहेर पडलं. जाळ्यांतलं बारदान आधी राजाक्का काढायची, ती गेल्यावर मालुबाई काढत होती. पहाटे माझ्या आधी येऊन. दारं उघडी टाकून, खोली हवेशीर करून, मग मी यायच्या आत लावून घ्यायच्या.

नागेंद्रला बोलावलं. गोधडी काढली त्यानं, साबणाचं पाणी टाकीच्या तोंडावर ओतलं. फेस यायला लागला. भाताच्या उतागत, थांबेचना. आतला वायसर गेलेला. त्यानं टाकी उचलून लांब मोकळ्या जागेत नेली. जाताना मला म्हणाला, ‘आक्का, एवढा वास आणि तुम्ही आत निरांजन ठेवणार होता?’

मी त्या टाकीवर वाकले होते. दोनदा. नाक लावून.

राजाक्काच्या तळव्याला फोड आलाय. खोबरेल लावायला गेले तर हात मागं घेतला नाही तिनं.  तेजस्वीला फोन करून सगळं सांगितलं. ती ओरडेल वाटलं होतं. ती रडली.

२ ऑक्टोबर, दसरा

हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. लसूण ठेचून धरला. संकेश्वरहून परत आलेला चटणीचा डबा धरला. मग तपकीर. कशालाच काही नाही. कधीपासनं, कुणास ठाऊक.

आणि रोज सकाळी सगळ्या बायका हातात काडी घेऊन माझ्या तोंडाकडं बघायच्या. मी म्हणायचे, पेटवा. त्यांना वास येत असायचा. तरी पेटवायच्या.