आजोबांना परस्पर संत केल्याबद्दल

अश्कलोन,
रविवार सकाळ

ती. प्रॉस्पेर मामा यांस,

तुमच्या थोरल्या बहिणीच्या धाकट्या मुलाचा, म्हणजे अमरामचा, मान जमेल तितकी खाली घालून शालोम. तुम्ही आणि फ्रेहामामी खुशाल असाल, निदान गुरुवारपर्यंत होतात तितके तरी असाल, अशी आशा करतो.

वि. वि. मामींच्या डोळ्याची पट्टी निघाली का, आणि निघाली असल्यास त्यांना आता दूरचं दिसतं का, एवढं विचारण्यासाठी हे पत्र. (जवळचं त्यांना आधीपासूनच नको तितकं दिसतं. त्यांच्या फडताळातल्या बदामाच्या वड्यांना मी लहानपणी हात घालायचो तेव्हा त्या दोन खोल्या पलीकडून माझं नाव घ्यायच्या.) तुमचा गुडघा कसा आहे? दुकानात अजून स्वतःच शिडीवर चढता का? फोनच करणार होतो. केलाही होता, पण तुम्ही पलीकडून हॅलो म्हणालात आणि माझी बोबडी वळली. तो मुका फोन माझा होता. वीज कंपनीचा समजून तुम्ही जे बोललात ते मी मनावर घेतलेलं नाही.

गुरुवारी आजोबांच्या कबरीपाशी जे झालं त्यावरून तुम्ही रागावला आहात का, असं मी आईला विचारलं. आई म्हणाली, रागावलेला नाही, गप्प आहे. मामा, तुमचा राग मला पाठ आहे. तो आरडाओरडा करतो, दार आपटतो आणि जेवणापर्यंत उतरतो. तुमच्या गप्प बसण्याचं काय करायचं हे मला माहीत नाही. म्हणून निदान झालं काय ते पहिल्यापासून सांगतो. त्यात माझी बाजू काही फारशी नाही, पण मांडतो.

तुम्हाला माहीत आहे की येशुआ हाच मसीहा असं मी मानायला लागलो तेव्हा घरात तुम्ही सोडून सगळ्यांनी डोक्याला हात लावला. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात की देवाशी तुझं काय ते तू बघ, माझ्या टेबलावर पत्रकं ठेवू नकोस. तेव्हा मला हे लागलं होतं. आता वाटतं, इतकं मोठ्या मनाने माझ्याशी त्यानंतर कुणीच वागलं नाही, आमच्या मंडळीतही नाही. आमची मंडळी फरशीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरते. माणसं प्रेमळ आहेत, देवाला घाबरून असतात, आजाऱ्याला सूप नेऊन देतात. पण मामा, आम्हाला एक रोग आहे. आम्हाला कुणीतरी खरं मानावं अशी आम्हाला भयंकर हौस आहे. तुमच्यासारखे यहुदी म्हणतात, हे मिशनऱ्यांच्या नादी लागलेले. परदेशातले ख्रिस्ती म्हणतात, हे अजून यहुदी टोपी घालूनच बसलेत. मग दोघांनाही दाखवून द्यायचं म्हणून आमच्याकडे प्रत्येकाला काहीतरी पदवी आहे. कुणी संदेष्टा, कुणी प्रेषित, एका फिनलंडच्या बाईंना तर आपण इस्राएलच्या नफताली वंशातल्या आहोत असं स्वप्नात कळलं आणि तेव्हापासून त्या पुढच्या रांगेत बसतात. खुर्च्या आवरायला मात्र एकही संदेष्टा थांबत नाही. मेंढ्याच्या शिंगाचा तो शोफार तर कधी फुंकतील नेम नाही. एसी दुरुस्त झाला तेव्हाही फुंकला होता, आणि खालचा फरशीवाला पायऱ्या चढून विचारायला आला की बाबांनो, युद्ध वगैरे लागलंय का.

आमचे प्रमुख तुविया. ओहायोत त्यांचं नाव टॉड होतं. इथे उतरले तेव्हा तुविया झाले आणि काही शनिवार-रविवारच्या वर्गांनंतर रब्बी तुविया. प्रमाणपत्र हॉलमध्ये लावलंय, सोनेरी चौकटीत. (चौकट फार सुरेख आहे.) माणूस वाईट नाही. माझी नोकरी गेली तेव्हा स्वतः येऊन माझ्या स्वयंपाकघराचा नळ बसवून गेला. पण त्याला सारखं वाटायचं की आपल्याकडे एक तरी अस्सल चीज हवी, आणि ती चीज त्याला माझ्यात दिसली. मोरोक्कोतल्या मेकनेसहून आलेल्या घराण्यातला, आई यहुदी, वडील यहुदी, हिब्रू आईच्या दुधाबरोबर आलेली. खुर्च्या आवरता आवरता मी एकदम मंडळीचा वडील झालो. पाहुणे आले की मला पुढे उभं करायचे. मामा, खरं सांगू का, मला ते आवडलं. आपल्या घरी शुक्रवारच्या जेवणाला मला कधी कुणी काही विचारलं नाही, मीठ कुठे आहे याखेरीज.

मग एका उन्हाळ्यात पाहुण्यांचा एक गट आला. त्यात डोरिस नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, पांढरे केस, हातात रुमाल, प्रत्येक शब्दावर डोळे भरून येणारे. त्यांनी विचारलं, तुमचे आजोबा काय करत? आता आजोबा मेकनेसला मैद्याची गोल कडी, म्हणजे स्फेंज, तळत आणि ओफाकीमला येऊनही स्फेंजच तळत, हे सांगायला असा कितीसा वेळ लागतो? पण त्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की माझ्या तोंडातून निघून गेलं, लोक त्यांच्याकडे आशीर्वादाला येत. (येत होते. आशीर्वादाबरोबर चार स्फेंज घेऊन जात.) तुविया म्हणाला, म्हणजे संतच की! मी नाही म्हणालो नाही. आणि मग अंगात काय संचारलं देव जाणे, मी म्हणालो की शेवटच्या दिवशी त्यांनी मसीहाचं नाव कुजबुजलं. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. टाचणीऐवजी शोफार वाजला.

तिथेच हे थांबायला हवं होतं. पण आपल्या लोकांत संतांच्या पुण्यतिथीला कबरीवर मेणबत्त्या लावून जत्रा भरते हे तुवियाने कुठेतरी वाचलं होतं, आणि त्याने ठरवलं की मसऊद आजोबांची जत्रा भरवायची, परदेशी पाहुणे आणायचे, चित्रीकरण करायचं, म्हणजे कुणी आपल्याला बनावट म्हणणार नाही. मी तारीख बदलून सांगायला हवी होती. मी फक्त वेळ सांभाळली. आपलं घर दरवर्षी दुपारी जातं, म्हणून मी त्यांना सकाळची वेळ दिली. मामींच्या डोळ्याच्या डॉक्टरने दुपारची वेळ दिली आणि तुम्ही सकाळी आलात, हे मला बस वळणावर आल्यावर तुमची गाडी दिसली तेव्हा कळलं. खिडकीतून उडी मारावी असं वाटलं, पण बसच्या खिडक्या उघडत नव्हत्या.

पुढचं तुम्ही पाहिलंतच. तरीही सांगतो, कारण तुम्हाला ते बाहेरून दिसलं, मला आतून. माणसं उतरली ती चादरीएवढ्या प्रार्थनेच्या शाली पांघरून, झालरी कबरींवरून फरफटत. स्मशानात झालरी आत खोचायच्या असतात, मेलेल्यांना आता ती आज्ञा पाळता येत नाही, त्यांना हिणवल्यासारखं होतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं, खाली वाकून स्वतःच्या हाताने माझ्या झालरी पँटमध्ये खोचून. मला माहीत होतं. बसमध्ये मी एक शब्द बोललो नाही, कारण बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं की मग इतके दिवस तू काय शिकवत होतास. आजोबांच्या कबरीशी तुम्ही, आई आणि तुमच्या सिनेगॉगमधली ती म्हातारी माणसं उभी होतात, आणि तुविया शोफार फुंकत फुंकत तुमच्याकडे आला. तुम्ही टोपी सरळ केलीत आणि विचारलंत की बस चुकीच्या ठिकाणी आली का.

आणि मी मध्ये दुभाषा. डोरिसबाईंनी तुमचा हात धरून विचारलं, की तुमच्या वडिलांचे शेवटचे शब्द तुम्ही ऐकलेत ना? तुम्ही शांतपणे म्हणालात, "म्हातारा म्हणाला, रेडिओ बंद करा, आता बातम्या नकोत." मामा, मी बाईंकडे वळलो आणि म्हणालो की ते म्हणाले, आता शुभवार्ता जवळ आहे. बाई रडायला लागल्या. तुम्ही एलातच्या हॉटेलात पर्यटकांचे दिवे दुरुस्त करण्यात वर्षं काढली आहेत, इंग्रजी तुम्हाला माझ्यापेक्षा बरं कळतं, हे मला बाईंचा रुमाल ओला झाल्यावर आठवलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी मायक्रोफोनकडे पाहिलं.

मग मेलेल्यासाठी म्हणायच्या कद्दिशची वेळ झाली. माणसं थेट मोजू नयेत म्हणून तुम्ही आपल्या रीतीने मोजायला लागलात, एक नाही, दोन नाही, आणि तुवियाला वाटलं की तुम्ही एकेकाला नापास करताय. तो घाईघाईने पुढे येऊन म्हणाला की असं म्हणू नका, आम्ही आहोत ना, बसभर आहोत. तुमचं मोजणं नऊवर थांबलं होतं, आणि दहा यहुदी पुरुषांशिवाय कद्दिश म्हणता येत नाही. दहावा यायचा तो मोशेमामांचा जावई, त्याची गाडी बंद पडली होती. तुम्ही त्या लोकांना किती सभ्यपणे विचारलंत की कुणाची आई यहुदी आहे का! तिथे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी स्वप्न सांगितलं, कुणी थुंकी तपासून आणलेला वंशाचा अहवाल सांगितला, एक गृहस्थ म्हणाले की मला लहानपणापासून लोणचं आवडतं. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत. हसला नाहीत. हसला असतात तर मलाही हसता आलं असतं.

मग तुम्ही मला हाक मारलीत. "अमराम, ये. पण आधी त्या बाईंना खरं सांग."

कॅमेरा चालू होता, डोरिसबाई माझ्याकडे बघत होत्या, तुविया बघत होता, आई बघत होती. आणि मी वाकून मायक्रोफोनची वायर बघायला लागलो. वायर ठीक होती. ती मी बराच वेळ बघत राहिलो, वर मान केली तेव्हा तुम्ही पुस्तक मिटून खिशात ठेवत होतात. स्तोत्र म्हटलंत, दगड ठेवलात, आईला हात दिलात आणि गेलात. आजोबांचं कद्दिश राहिलं. स्वतःच्या मुलीच्या, मुलाच्या आणि नातवाच्या देखत राहिलं, आणि ते मी ठेवलं. याला दुसरं नाव नाही. मला माझी लाज वाटते, मामा. येशुआची नाही वाटत, माझी वाटते.

काल शब्बाथला मी हॉलमध्ये उभा राहून सगळं सांगितलं. स्फेंज, रेडिओ, सगळं. वाटलं होतं की लोक मला हाकलतील. झालं भलतंच. नफताली वंशाच्या बाई म्हणाल्या की बघा, संताचा नातू किती नम्र आहे. तुविया मला बाजूला घेऊन म्हणाला की खरं बोलायलाही वेळकाळ असतो, आणि पुढल्या वर्षी दोन बस करायच्या का. फक्त मागच्या रांगेतले लाझार आजोबा, जे रुमानियाहून आले आणि आमच्यात सगळ्यात आधीपासून आहेत (त्यांच्या खिडकीवर लोकांनी दगड मारलेत, तरी त्यांनी कधी पदवी लावली नाही), ते खुर्च्या आवरताना माझ्याजवळ आले. म्हणाले, "लोकांनी आपल्याला मोठं म्हणावं म्हणून आपण इतकी वर्षं लहानच राहिलो." मग त्यांनी दोन खुर्च्या उचलल्या, मी चार उचलल्या. मंडळीचा वडील ही पदवी मी परत केली आहे. खुर्च्या ठेवल्या आहेत.

असो. मामींच्या डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा. त्या नको म्हणतील, ऐकू नका. गुडघ्याला गरम कापडाने शेका आणि शिडीवर चढू नका. आईची काळजी करू नका, ती माझ्याशी बोलत नाही पण जेवण पाठवते.

तुमचा भाचा,
अमराम

ता. क. तुवियाचा शोफार त्या दिवशी कबरीवर राहिला तो तुम्ही उचलून नेलात असं त्याला वाटतं. तो मला रोज विचारतो. मी मागत नाहीये. तुमच्याकडे असेल तर असू द्या, नीट फडताळात आत ठेवा.

ता. क. दुसरा. डोरिसबाईंना मी फोन केला. त्या आपल्या देशात परत गेल्या आहेत. तुम्ही खरोखर काय म्हणाला होतात ते शब्दशः सांगितलं, आणि मी काय म्हणालो होतो तेही.  मग म्हणाल्या की तू म्हाताऱ्या बाईला तिच्या देवाच्या नावाने फसवलंस. मी हो म्हणालो. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की स्फेंज कशात तळतात. म्हणजे तुम्ही घातलेली अट पूर्ण झाली आहे, उशिरा झाली आहे.

ता. क. शेवटचा, आणि मामींच्या डोळ्याबद्दल मला खरोखर काळजी आहे तरी पत्र याच्यासाठी लिहिलं. आईकडून कळलं की राहिलेलं कद्दिश म्हणायला तुम्ही येत्या शुक्रवारी सकाळी पुन्हा कबरीवर जाताय. मी येईन. एकटा, साध्या कपड्यांत, झालरी आत खोचून. मी जे मानतो ते मी सोडलेलं नाही आणि ते लपवून तुमच्यात उभा राहणार नाही, एवढं खोटं आता बास झालं. हे माहीत असूनही मला मोजता येत असेल तर मोजा. येत नसेल तर त्यात तुमची चूक नाही, दहावा माणूस दुसरा आणा, मोशेमामांच्या जावयाला बसने यायला सांगा. मी फाटकापाशी थांबेन आणि तुमचा आवाज आला की आमेन म्हणेन. आमेन म्हणणाऱ्याला कुणी मोजत नाही.