नाही म्हणायला गेलो, येतो म्हणून आलो

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. संध्याकाळी ७

आज आयुष्यातला सर्वांत धाडसी ईमेल पाठवला. 'आय ॲक्सेप्ट द ऑफर.' स्पेलिंग बायकोने, कल्पिताने तपासलं, पण मजकूर माझा.

अंधेरीची लॉजिस्टिक्स कंपनी. काचेची इमारत, लिफ्टमध्ये आरसा. जॉइनिंग १७ तारखेला. साकीनाक्याला परेशभाईंच्या खोक्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं डिस्पॅच सांभाळला, आज दुपारी त्यांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. परेशभाई म्हणाले, नीट विचार केलास ना, नितेश? आवाज एकदम जड. (सर्दी आहे त्यांना, असं दिशा म्हणाली. दिशा माझी असिस्टंट. तिला माणसं कळत नाहीत.)

बाबांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन दिंडोशीच्या आमच्या बिल्डिंगचे सगळे मजले चढून आले. एरवी गुडघ्यांमुळे दूध आणायलाही खाली उतरत नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

नव्या कंपनीच्या एचआर नेत्रा मॅडमचा मेल. पहिल्याच दिवशी दुपारी टीमसमोर दहा मिनिटं माझा 'डिस्पॅच डॅशबोर्ड' दाखवायचा. इंटरव्ह्यूत मीच म्हणालो होतो की असा एक डॅशबोर्ड मी स्वतः बनवलाय आणि रोज वापरतो.

खोटं बोललेलो नाही. गोडाऊनच्या भिंतीवर पांढरा बोर्ड आहे. मार्करने कॉलम आखलेत: पार्टी, माल, टेम्पो, निघाला, पोचला. बोर्ड आहे. डॅश नाही, एवढंच.

ठरवलं. यूट्यूबवरून एक्सेल शिकायचं. रोज एक तास. उद्यापासून.

६ फेब्रुवारी

एक्सेल उघडलं. पिवळा रंग भरता आला. मग एक रकाना इतका रुंद झाला की बाकीचे दिसेनात. बंद केलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की प्रश्न एक्सेलचा नाहीच. प्रश्न निष्ठेचा आहे. मी गेलो तर परेशभाईंची वाट लागेल. कुठल्या पार्टीचा माल कुठल्या टेम्पोत, हे माझ्याशिवाय कोणाला माहीत आहे? सबब अंधेरीला नाही म्हणायचं. निव्वळ माणुसकी. छातीत सकाळपासून धडधडतंय, निर्णय मोठा आहे ना.

मेल लिहायला घेतला. 'ड्यू टू अनअव्हॉइडेबल'पाशी अडलो. हे स्पेलिंग कल्पिताला विचारता येत नाही. मग फोन लावला. रिंग वाजली. कट केला. नेत्रा मॅडमचाच उलट फोन आला. फोन उशीखाली ठेवला आणि उशीवर बसलो.

असल्या गोष्टी समोरासमोरच बोलायच्या असतात. सोमवारी हाफ डे घेऊन अंधेरी.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ४

वाट लागली.

तीन वाक्यं पाठ करून गेलो होतो. नेत्रा मॅडम स्वतः रिसेप्शनला घ्यायला आल्या. आडनाव विचारलं, गाव विचारलं. त्यांचं माहेर आमच्याच बाजूचं निघालं. चहा आला, चहाबरोबर खारी आली. खारी खाऊन नाही कसं म्हणायचं?

तरी म्हणालो, मॅडम, जरा अडचण आहे. त्या म्हणाल्या, नोटीस पिरियडची ना? करू ॲडजस्ट. मी म्हणालो, तसं नाही, घरून जरा... त्या म्हणाल्या, घरून निघायला उशीर होतो का? दहाला आलात तरी चालेल. इतकी चांगली बाई. चांगल्या माणसांपुढे आपलं काही चालत नाही.

उठलो. आता निघता निघता एका दमात सांगून टाकायचं, असं ठरवून तोंड उघडलं आणि तोंडातून आलं: येतो मॅडम.

आमच्या घरात दाराबाहेर पडताना कोणी 'जातो' म्हणत नाही. लहानपणी एकदा म्हणालो, तर बाबांनी शर्टाला धरून आत ओढलं, पाणी पाजलं आणि बजावलं, जातंय म्हणू नको रे, येतंय म्हण. तेव्हापासून जीभ तशीच वळते, तिला कोण काय करणार?

मॅडम म्हणाल्या, या या, आम्ही वाटच बघतोय! घरी पोचायच्या आत मेल: 'ॲज कन्फर्म्ड इन पर्सन टुडे'. आयकार्डसाठी फोटोही मागितलाय.

फोटो पाठवला. नाहीतर वाईट दिसलं असतं.

११ फेब्रुवारी

नवा प्लॅन. झकास आहे. परेशभाईंनीच मला थांबवायचं. मग मी अंधेरीला काय सांगणार? मालक सोडत नाहीत, माझा नाइलाज आहे.

दिवसभर त्यांच्या केबिनसमोरून चार-पाच चकरा मारल्या. एकदा मोठ्याने उसासा टाकला. परेशभाईंनी आत बोलावलं! म्हणाले, दिशाला सगळं नीट शिकव, काही राहायला नको. म्हणजे माझ्या डोक्यावरचं काम कमी करतायत. बढतीआधी असंच करतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १

झालं. गोडाऊनच्या टॉयलेटात कडी लावून व्हॉट्सॲप केला: 'मॅडम मी येऊ शकत नाही. सॉरी.' निळ्या टिका आल्या. मॅडम 'टायपिंग' दिसायला लागल्या तसा फोन स्विच ऑफ केला.

सुटलो. जेवणात दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. उद्या राजीनामा मागे घेणार. परेशभाई मिठी मारतील बहुतेक. त्यांना जास्त बोलायला लावायचं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ



सकाळी परेशभाईंना सांगितलं, मी कुठे जात नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, अरे, मग आधी बोलायचं ना यार. दिशाला कालच तुझ्या जागेचं लेटर दिलं. मी म्हणालो, पण तिला जमणार आहे का? त्यांनी त्यांचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

पार्टी, माल, टेम्पो, निघाला, पोचला. उशिराचा माल आपोआप लाल होतो. दोन दुपारी बसून बनवला म्हणे. दिशा मागेच उभी होती. म्हणाली, दादा, तुमच्या बोर्डवरूनच केला, सगळे कॉलम तुमचेच आहेत.

गोडाऊनमध्ये गेलो. बोर्ड पुसलेला होता.

परत केबिनमध्ये जाऊन हात जोडले. कुठेही ठेवा म्हणालो. पॅकिंगला ठेवा, गेटवर ठेवा. मला रडू येत होतं आणि परेशभाईंना दिसत होतं. ते म्हणाले, गेटवर तुला बसवू? मला नाही बघवणार. उद्या चारला केक सांगितलाय, ये.

गल्लीत उभं राहून नेत्रा मॅडमना फोन लावला. उचलला. म्हणालो, मॅडम, गैरसमज झाला, सोमवारी हजर होतो. त्या म्हणाल्या, आज सकाळीच दुसऱ्यांना कळवलं हो. मग न विचारता खरं सांगून टाकलं, की डॅशबोर्ड नव्हताच, भिंतीवरचा बोर्ड होता. त्या म्हणाल्या, बोर्डचा फोटो आणला असता तरी चाललं असतं. काम कसं लावता तेवढंच बघायचं होतं. एक्सेल आम्ही शिकवतोच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

केक खाल्ला. दिशाने भरवला.

घरी सांगितलेलं नाही. उद्या रविवार आहे, निवांत सांगू.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबांच्या गावचे लोक अभिनंदन करायला आले. योग्य वेळ नव्हती.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.३०

ठरवलं होतं की डबा घेऊन नेहमीसारखं निघायचं आणि दिवसभरात दुसरी नोकरी शोधायची. कठीण नाही. अकरा वर्षांचा अनुभव आहे.

ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो. डबा भरलेलाच नव्हता. कल्पिता चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, मला गुरुवारीच कळलंय. तुझा फोन बंद होता, म्हणून तुझ्या मॅडमनी फॉर्मवरचा माझा नंबर लावला. घरी सगळं ठीक आहे ना, कोणी आजारी वगैरे नाही ना, असं काळजीने विचारत होत्या बिचाऱ्या.

तू काय सांगितलंस, असं मी विचारलं. म्हणाली, घरी सगळं ठीक आहे, तो घाबरला असेल.

चार दिवस ही काही बोलली नाही. रोज ताटात वाढत राहिली. का नाही बोललीस विचारलं, तर म्हणाली, तू सांगशील म्हणून थांबले होते रे. आणि चहाचा कप माझ्या हातात दिला.

मग म्हणालो, बाबांना तू सांग. नाही म्हणाली. एका शब्दात, चटकन. तिला किती सहज जमलं.

बाबा दारात पाट घेऊन बसलेत. बूट पॉलिश करतायत. माझे.