वापरलेल्या पाण्याची टाकी

२ फेब्रुवारी

मोटारहोम आली. सेकंडहँड आहे, पण आधीचा मालक म्हणाला की जिवापाड जपली. (सगळेच म्हणतात.) आजपासून रोजनिशी. थोडक्यात लिहायचं. फक्त मेंटेनन्स आणि प्रवास, रडगाणं नाही.

संकल्प: १ मार्चला सकाळी निघायचं. मी आणि ही. आधी समुद्र, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं जाववेल तिथवर.

ही आधी फाटकाशीच उभी राहून बघत होती. मग आत आली, ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडला. पाणी आलं नाही. म्हणाली, रिटायर तुम्ही झालात, माझा ओटा मात्र चाकं लावून बरोबर आणलात. मग पलंगावर आडवी झाली, मागच्या खिडकीकडे तोंड करून. म्हणाली की इथे असं लोळत समुद्र बघायचा, बाकी काही दाखवू नका मला. गाडीचं नाव तिनं बिऱ्हाड ठेवलं. मी मोटारहोमच म्हणणार.

रात्री जेवली नाही. अ‍ॅसिडिटी.

८ फेब्रुवारी

गाडी पूर्ण तपासली. बरीच कामं निघाली. माझी सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला गेली. ‘पास’चा शिक्का मी सहजासहजी मारत नसे. माझ्यामागे मला रिजेक्टसाहेब म्हणत. मला ठाऊक होतं. बरंच वाटायचं.

लक्षात ठेवायच्या गोष्टी. गाडीत बॅटऱ्या दोन: एक इंजिनाची, एक घराची. मुक्कामी पोचलं की ड्रायव्हरच्या सीटखालचं बटण घराकडे फिरवायचं. दिवे, पंखा, पंप सगळं घराच्या बॅटरीवर. इंजिनाच्या बॅटरीला हात लावायचा नाही. नवशिके इथेच मार खातात.

टाक्याही दोन. एक स्वच्छ पाण्याची, एक वापरलेल्या. वापरलेलं पाणी दोन दिवसांच्या वर ठेवू नये, वास मारतं. गाडीखाली व्हॉल्व्ह आहे, तो उघडायचा की काम झालं.

हिचं पोट दुखतंच आहे. लेकीनं फोनवरून टेस्ट करून घ्यायला लावल्या. हल्लीचे डॉक्टर टेस्टशिवाय बोलतच नाहीत.

२० फेब्रुवारी

१ मार्च पुढे ढकलली. हिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात थोडी ट्रीटमेंट घ्यावी लागणार आहे. गाठ आहे म्हणे पोटात. काढून टाकतील किंवा औषधानं विरघळवतील. हल्ली काहीही करतात.

लेक म्हणाली, हॉस्पिटलजवळ खोली बघते. मी तिला वेड्यात काढलं. घर चाकांवर दारात उभं असताना खोली कशाला? म्हणजे टूर सुरू होतेच आहे, फक्त पहिला मुक्काम हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये. मीच माझ्यावर खूश.

२३ फेब्रुवारी

पहिला प्रवास. ही शेजारी बसली, चपला काढून पाय वर घेऊन. बऱ्याच दिवसांनी गप्पा मारल्या. कुणाचं लग्न कसं जुळलं, कोण कुणाशी का बोलत नाही, असल्या. एका वळणावर वरचं कपाट उघडलं आणि दोन बशा, एक कप धारातीर्थी. धडा: निघण्याआधी प्रत्येक कडी हातानं ओढून बघावी. ही म्हणाली, आता दोनच कप उरले, बरं झालं, पाहुण्यांची कटकट गेली.

दुपारी समुद्राचा फाटा लागला. डावीकडे समुद्र, सरळ हॉस्पिटल. ही म्हणाली, अहो, वळवा ना, एक दिवस उशिरा गेलो तर डॉक्टर मारणार आहेत का? मी तिला समजावलं की गॅसचा रेग्युलेटर तपासायचा राहिलाय, हीटर चालत नाही, एक टायरही मला पसंत नाही. अशा गाडीनं समुद्रावर जाणं म्हणजे बेजबाबदारपणा. ती म्हणाली, बरं. पाय खाली घेतले.

संध्याकाळी पोचलो. फॉर्म, सह्या, व्हीलचेअर, धावपळ. तिला तिसऱ्या मजल्यावर नेलं. मी गाडी लेव्हलमध्ये लावली. स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा अगदी मधोमध. समाधान वाटलं.

१ मार्च

ठरलेल्या तारखेला टूरवर आहोतच, फक्त जागा वेगळी. कापडी छत बाहेर ओढलं, खाली खुर्ची टाकली. वॉचमन आला. म्हणाला, साहेब, ही काय पिकनिक आहे का? मी त्याला मोटारहोम म्हणजे काय ते सविस्तर सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, कोण आहे आत? मी म्हटलं, मिसेस. तेव्हापासून काही बोलत नाही. सकाळी पेपर आणून देतो.

हिच्या खिडकीतून गाडीचं छत दिसतं. तिनं फोन करून कळवलं की सोलर पॅनेलवर पक्ष्यांनी नक्षीकाम केलंय. शिडी लावून पुसलं. वर बघितलं तर खिडकीत हात हलवत होती. बरीच वाळलीय. शाल पांघरते. लांबून कळत नाही.

५ मार्च

पक्षी ऐकायला तयार नाहीत. पॅनेल रोज कोण पुसणार? त्यावर जाड ताडपत्री घट्ट बांधून टाकली. प्रश्न कायमचा मिटला. हिला फोन केला, बघ आता कसं दिसतंय. म्हणाली, छान, पण आता मी तुमच्या चुका कुठून काढू?

१० मार्च

डॉक्टरीणबाईंनी लेकीला आणि मला बोलावलं. बराच वेळ बोलल्या. औषधाला हवा तसा प्रतिसाद नाही, असं काहीतरी. म्हणजे विश्रांती हवी. मी विचारलं, समुद्राची हवा चालेल का? त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, त्यांना जिथे जावंसं वाटतंय तिथे घेऊन जा, उशीर करू नका.

थोडक्यात, प्रवासाला फिट. डॉक्टरांकडून एवढं लवकर सर्टिफिकेट मिळेल असं वाटलं नव्हतं. लेक बाहेर बाकावर बसून रडत होती. जागरणं झाली आहेत तिची. तिला चहा आणून दिला.

हिला सांगितलं. उठूनच बसली. म्हणाली, चला, आत्ता. मी म्हटलं, अगं, आत्ता म्हणजे काय! पाण्याचा पंप नवा मागवलाय. टायर आहेच. एक आठवडा दे फक्त, गाडी अशी करतो की बघत राहशील. म्हणाली, तुम्ही आपल्या लग्नातसुद्धा मांडवाचे खांब हलवून बघत होता. खरं आहे. एक ढिला होता.

१४ मार्च

पंप आला. बसवला. एका जोडातून थेंब थेंब गळतंय. पुन्हा उघडला.

दिवा हल्ली मंद वाटतो. बल्ब बदलला. नव्या बल्बमध्येही काही राम नाही.

१७ मार्च

हिनं नवीनच काढलंय. समुद्र राहू दे, म्हणते, नुसतं खाली येते, बिऱ्हाडात बसून एक चहा पिते. मी म्हटलं, पडदे शिवून यायचेत, गादी एका बाजूनं दबलीय, इतक्या दिवसांनी बसणार ती अशा अवस्थेत?

लेक माझ्यावर ओरडली. भर कॉरिडॉरमध्ये. बाबा, आईला पडदे नको आहेत! म्हणाली की तुम्हाला काही दिसत नाही का, की बघायचंच नाही? आजकालच्या मुलांना प्रायव्हसीचं महत्त्व नाही. नंतर गादी उलटी करून घातली. त्या बाजूनंही दबलेलीच आहे.

२२ मार्च

ही खाली आली.

दुपारी लेकीनं आणि वॉचमननं व्हीलचेअर उचलून आत घेतली. पायरी उंच आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तिला उचलायला दोघं पुरले. वॉचमन एकटाही पुरला असता.

चहा मी केला. साखर जास्त पडली. तिनं दोन घोट घेतले आणि फर्स्ट क्लास म्हणाली. मग कप आपणच विसळणार म्हणून हट्ट धरला. लेकीनं मागून धरलं. पंप जरा कण्हला, पण पाणी आलं. ती त्या नळाखाली नुसते हात धरून बसली, बराच वेळ. मी एरवी पाणी जपून वापरायला सांगतो. आज नाही सांगितलं.

मग पलंगावर आडवी झाली, मागच्या खिडकीकडे तोंड करून. म्हणाली, अहो, चालू करा ना गाडी. फाट्यापर्यंत तर जाऊ. लेकीनं मान डोलावली, म्हणाली की मी वर सांगून आलेय. मी पुढे जाऊन बसलो. टायर, रेग्युलेटर, कशाचाही विचार केला नाही. किल्ली फिरवली.

टिक.

पुन्हा फिरवली. टिक. सीटखाली हात घातला. बटण पोचल्या दिवसापासून इंजिनाकडेच राहिलेलं. इतके दिवस दिवा, पंखा, सगळं मी इंजिनाच्या बॅटरीवर चालवत होतो. सोलर पॅनेलनं सांभाळून घेतलंही असतं. त्यावर ताडपत्री कुणी बांधली ते वर लिहिलंच आहे.

वॉचमन केबल शोधायला धावला. मी किल्ली फिरवत राहिलो. मागून ती म्हणाली, राहू दे हो, खिडकी तेवढी उघडा. उघडली. समोर पार्किंगची भिंत, भिंतीला टेकवलेली कुणाची तरी सायकल. ती बघत होती. मला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, तोंड कशाला पाडता, पोचलो की आपण. मग झोप लागली तिला.

एकंदरीत चाचणी यशस्वी म्हणायला हवी. नवी बॅटरी मागवली. पुढच्या रविवारी नक्की.

२९ मार्च, दुपार

बॅटरी बसवली. एका किल्लीत इंजिन चालू! ताडपत्री काढली. टायर नवा. गळती नाही. पडदे लागले, निळे, तिच्या आवडीचे. गॅस, हीटर, कड्या, सगळं तपासलं, दोनदा. कुठेही बोट ठेवायला जागा नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतका बिनशर्त मारला नसेल असा शिक्का मारतो: पास.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला वर जाऊन सांगायचं. तोवर खिडकीतून दिसेल म्हणून इंजिन चालूच ठेवलंय. वर बघतोय, पण ती उठलेली दिसत नाही.

लेक जिन्यानं खाली येतेय. लिफ्ट बंद पडलेली दिसते. एवढं मोठं हॉस्पिटल, पण मेंटेनन्स म्हणून नाही.

२० एप्रिल

बऱ्याच दिवसांनी लिहितोय.

गाडी घरी आणायची राहिली होती. लेक म्हणाली, कुणाला तरी पाठवू. मी म्हटलं, मीच जातो. वॉचमननं मागे बघून गाडी बाहेर काढून दिली. पार्किंगचा दांडा वर केला आणि मी दिसेनासा होईपर्यंत तसाच धरून ठेवला असावा. आरशात दिसत होता.

फाट्यावर आलो. उजवीकडे वळलो. समुद्र दोन तासांवर. मी कायम समजत होतो की बराच लांब असेल. दोन तास. सकाळी निघून, चहा पिऊन, दुपारच्या औषधापर्यंत तिला परत वर नेऊन सोडता आलं असतं.

गाडी समुद्राकडे पाठ करून लावली, म्हणजे मागच्या खिडकीतून दिसेल. लेव्हल केली. बटण घराकडे फिरवलं. दिवा लख्ख. पंप बिनआवाजी. सगळं उत्तम चाललंय. पलंगावर आडवा झालो. समुद्र दिसतो. दबलेल्या गादीचा काही त्रास होत नाही. मला तिची इतकी आठवण येते की काय करावं कळत नाही.

लेक जिन्यानं खाली आली त्या दिवशी तिनं विचारलं होतं, बाबा, तुम्हाला पहिल्यापासून कळलं होतं ना? तेव्हा मी इंजिन बंद करायला गेलो. कळलं होतं. ती जेवली नाही त्याच रात्री.

रविवारी गिऱ्हाईक येणार आहे गाडी बघायला. नवराबायको, नुकतेच रिटायर झालेले. त्यांना सगळं नीट समजावून द्यायचं. बॅटरी, बटण, कड्या. एवढंच सांगायचं नाही की तयारी झाली नसली तरी निघा. ऐकणार नाहीत. मीही ऐकलं नसतं.

एक काम बाकी आहे. गाडीत जरा वास येतोय. वापरलेल्या पाण्याची टाकी रिकामी करायची राहिली. फार नाही आत. २१ मार्चला रिकामी केली होती, नंतर मी बाहेरचाच नळ वापरला. दोन कप विसळले तेवढं आणि तिनं हात धुतले तेवढं. दोन दिवसांच्या वर ठेवू नये असं मीच लिहून ठेवलंय.

बादली घेऊन गाडीखाली गेलो. व्हॉल्व्हवर हात ठेवून बराच वेळ पडून राहिलो. हात भरून आला, तेव्हा बाहेर आलो. नाही उघडला.

उद्या उघडेन. उद्या नक्की.