वाटाण्याची पावडर

खर्डा, ता. जामखेड
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद. इकडे ज्वारी गुडघ्याला आली. तुझ्या दादांचा खोकला आहे तसाच आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

तुझा तिसरा डबा मिळाला. वर मोठ्या अक्षरात ‘वनस्पतिजन्य’, जणू इतके दिवस आम्ही नानांना लोखंड खायला घालत होतो. आत काय, तर वाटाण्याचं पीठ आणि त्याला आइस्क्रीमचा वास. सोबत तुझी चिठ्ठी, ‘वहिनी, रोज दोन चमचे, विसरू नका.’ आतड्याच्या ऑपरेशननंतर चार महिने तुझ्या वडिलांचं हगणं-मुतणं मी काढते, आणि तू पुण्यात बसून चमचे मोजतेस.

पावडर नानांना बाधली, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, असं मी सांगितलं होतं. फुगलं हे खरं आहे.

पण दुसऱ्या डब्यातली पावडर मी शेळीच्या भरड्यात ओतली. शेळी तुकतुकीत झाली, तेवढं तुझ्या कंपनीला कळव. डब्यात मी आपल्याच रानातला हुलगा भाजून, दळून, वस्त्रगाळ करून भरला. ह्याच हुलग्यावर माणसाने सत्तर वर्षं नांगर धरला, आता काय बिघडणार, असं वाटलं.

अजून एक तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. पहिल्या डब्याने त्यांना हुशारी आली होती. ओट्यावर जाऊन बसायचे आणि येईल त्याला सांगायचे, “पोरीनं धाडलंय.” माझ्या मऊ भाताचं नाव एकदाही घेतलं नाही. मला ते सहन झालं नाही.

आता ते अंथरुणातून उठत नाहीत. महिन्यात तीन किलो उतरले. काल डॉक्टरांनी डबा मागितला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कबूल केलं. घरी येऊन नानांचे पाय धरले.

ते म्हणाले, “पयल्याच दिशी वळखलं व्हतं म्या. हुलग्याचा वास कुटं लपतोय? तू यवढं दळलंस, मंग पिलो.”

आज तुझा डबा फोडला. दोन चमचे दिले. पावडरीचं मला अजूनही कौतुक नाही, आणि तुझंही नाही. पण पुढच्या शनिवारी ये. शिव्या द्यायच्या तर दे, पण चमचा तू हातात घे. माझ्या हातचं ते कशालाच नाही म्हणत नाहीत, आणि आता मला त्याचीच भीती वाटते.

वहिनी म्हणायचं की नाही ते तू ठरव.
सुरेखा