सुधारित वाफा

१ मे
उद्यापासून शेतकऱ्यांमध्ये इंटर्नशिप. सहा आठवडे. सर्टिफिकेट मिळालं की डिग्री, आणि डिग्री मिळाली की एक जुलैपासून मामांच्या ओळखीने बियाणे कंपनीत नोकरी. बाबा आत्तापासूनच शेजाऱ्यांना 'आमचे साहेब' म्हणून माझ्याबद्दल सांगत सुटलेत. कृषी कार्यालयातल्या मॅडम म्हणाल्या, की एक अनुभवी परीक्षक रोज तुमचं काम बघतील, त्यांच्या शेऱ्यावर सर्टिफिकेट. पुढेही काहीतरी सांगत होत्या, पण मी मनाने शेतात पोचलो होतो.
संकल्प: रोज ४.३० ला उठणे. ६ ला शेतात.

२ मे, सकाळी १०.२०
बस फार हळू. नऊची पकडली, तरी सहाला पोचवू शकली नाही.
माझ्या वाट्याला टोमॅटोवाल्या मावशी आल्यात. साठीच्या पुढच्या, बोलणं कमी. एक वाफा माझा, शेजारचा त्यांचा. दोन्हींत एकदमच रोपं लावली. माझ्या वाफ्यावर पाटी ठोकली: 'सुधारित पद्धत'. त्यांच्यावर: 'पारंपरिक'. मावशींनी आपली पाटी वाचली आणि तिच्यावर ओला रुमाल वाळत घातला.

५ मे
मी बोलायला लागलो की मावशी वही काढून लिहून घेतात. या वयात ही तळमळ! उद्यापासून जरा सावकाश बोलेन.

९ मे
परीक्षक सापडला! बांधापलीकडे रोज एक चष्मेवाला स्कूटर लावून उभा असतो. काम काही करत नाही, कानाला मोबाइल लावून नुसता बघतो. आज त्याच्याकडे तोंड करून ठिबक सिंचनावर वीस मिनिटं बोललो. मावशी म्हणाल्या, की रोपं इकडे आहेत. हसून सोडून दिलं.

१४ मे, दुपारी १
रोपांनी माना टाकल्या. भरपूर पाणी दिलं. मावशी म्हणाल्या, की भर उन्हात नको, आणि माती ओली आहे, बोट घालून बघ. मी समजावलं, की बोट हे शास्त्रीय उपकरण नव्हे. त्यांनी लगेच लिहून घेतलं.

१७ मे
कीटकांसाठी पिवळे चिकट सापळे टांगले. सापडलेले कीटक: दोन. सापडलेल्या इतर वस्तू: माझी टोपी, उजवी बाही आणि आठवड्याचा फॉर्म. चष्मेवाला हसला. लोकांशी जवळीक साधण्याचे वेगळे मार्क असतात.

२३ मे
पाच दिवस गेलो नाही. आजारी नव्हतो, पण पडण्याची दाट शक्यता होती. ताई म्हणाली, की झोपून झोपून पडशील. तिला फील्डवर्क काय कळणार!

२४ मे
वाफा हिरवागार! रोपं आधीपेक्षा थोडी लहान दिसतात, पण टवटवीत. निष्कर्ष: माझ्या पाण्याचा परिणाम उशिरा दिसतो. रिपोर्टात ठळक अक्षरांत लिहिलं. मावशींचे हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. स्वच्छतेवर दहा मिनिटं बोललो.

२ जून
मावशींच्या प्रगतीचा फॉर्म भरला. 'शिकण्याची इच्छा: उत्तम. आकलन: मध्यम.' क्षणभर दया आली, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

८ जून
धीर करून चष्मेवाल्याला शेऱ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, की त्याच्या मोबाइलला फक्त या बांधावर रेंज येते, बायकोला फोन करायला येतो.
परीक्षक असंच सांगणार.

१२ जून, दुपारी ४
कार्यालयात शेवटचा दिवस. चष्मेवाला आलाच नाही. मावशी आल्या आणि थेट मॅडमशेजारी बसल्या. मी खुणेने त्यांना शेतकऱ्यांच्या खुर्च्या दाखवल्या. मॅडम म्हणाल्या, की मावशी अकरा वर्षं आमच्या परीक्षक आहेत, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग मावशींनी चष्मा लावला आणि वही वाचली.
'२ मे. १०.२० ला आला. बसवर रागावला.'
'१४ मे. पाणी जास्त. सांगितलं. ऐकलं नाही. बोट शास्त्रीय नाही म्हणाला.'
'२१ मे. त्याची सगळी रोपं मेली. माझी उरलेली लावली. त्याला कळतं का बघू.'
'२४ मे. नाही कळलं.'
शेरा: 'पोरगा वाईट नाही. बोलतो फार. जुलैअखेरपर्यंत माझ्याकडे ठेवा, मग बघू.'
म्हणजे एक जुलै गेला. मामांना फोन करावा लागेल. बाबांना सांगावं लागेल, आणि बाबांना शेजाऱ्यांना. लाज वाटली. खरंच वाटली. माझ्या हातातला मावशींच्या प्रगतीचा फॉर्म घडी घालून बुटात ठेवला.

१३ जून, सकाळी ७.४०
बस वेळेवर होती. मीच उशिरा उठलो.
मावशींनी घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं, वही ठेवून दिली. मी पाण्याचा पाइप उचलला. मग खाली ठेवला, मातीत बोट घातलं. ओली होती. पाणी दिलं नाही.
दोनदा मोठ्याने खाकरलो. मावशींनी वही काही काढली नाही.