फोनवरचा बलोच

दिघोरी, ५ सप्टेंबर २०२४

चि. धनंजयास शकुनबाईचे अ. उ. आ.

तुह्या नंबरावर दुसराच माणूस बोलून राहिला, म्हणून मस्कतच्या तुह्या कंपनीच्या पत्त्यावर हे पत्र. पोळ्याच्या दिवशी फोन आला. मी उचलला तर भरडा आवाज, अनोळखी भाषा. मधीच तुहं नाव, मग ‘ब्रास, ब्रास’. माह्या विक्कीनं ऐकलं आन् म्हणाला, हा पाकिस्तानचा दिसते, मामाले धरून ठेवलं असन. तवापासून फोन वाजला का आई कान झाकते. आमी उचलणंच सोडलं. धानाच्या बांधीत जायले पाय उचलत नाही. बाबू, कुठं आहेस रे? दोन अक्षरं धाड.

तुही वाट पाहणारी,
बाई

मस्कत, २९ सप्टेंबर

ती. बाईस शि. सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे. बोटीच्या इंजिनाचा पाइप फुटून जबडा मोडला. तारेनं बांधलाय, बोलता येत नाही. माझं अक्षर तुम्ही ओळखता, म्हणून पत्रच लिहितो. फोन करणारा माझ्या खोलीतला दादकरीम. तो बलोच, पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याचा. हिंदी तुटकी, घाबरला की तीही विसरतो, बलोचीच बोलतो. ब्रास म्हणजे भाऊ. तुमचा भाऊ वाचला, एवढंच तो सांगत होता. तुम्ही फोन उचलला नाही की बिचारा माझ्याकडं पाहून रडायचा.

आता तिकडं मकरानात त्याच्याच धाकट्या भावाला गाडीत घालून कोणीतरी घेऊन गेलं. दादकरीम तडक गावी गेला, तेव्हापासून काही खबर नाही. इथं माझ्यासोबत कामाला असलेल्या वरठीच्या अंकुशनं दादकरीमच्या आईला फोन लावला, तर परका आवाज ऐकून तिनं ठेवून दिला. बाईमाणसाशी ती बोलेल कदाचित, तुम्ही लावून पाहा. नंबर खाली देतो. आईला जेवायला सांग.

तुझा भाऊ,
धनंजय

दिघोरी, १८ ऑक्टोबर

चि. धनंजयास अ. उ. आ.

तुहं अक्षर पाहून आई पोटभर जेवली. विक्की म्हणे, तिकडं फोन लावला तर पोलीस दारात येतीन. आई म्हणाली, येऊ दे, ते बी कोणाची माय आहे. तिनंच लावला आन् नुसतं ‘दादकरीम’ म्हणाली. तिकडच्या बाईनं फोन कापला नाही. आई आपल्या बोलीत, ते तिच्या बोलीत, दोघी बोलत राहिल्या.

आईले वाटते, त्या बाईनं पोराची खुशाली सांगितली. मी जवळच बसली होती. ते बाई रडत होती आन् परत परत ‘दादकरीम नेस्त’ म्हणत होती. मले तो शब्द आपल्या ‘नाही’सारखाच लागला. खरा अर्थ मलेच कळव, आईले नको. आई उद्या पुन्हा फोन लावणार आहे.

तुही,
बाई